परसातला डेक: १२ बाय ८ फूट, कडेला बाक

प्रश्न: ऐरोलीत आमचं रो-हाउस आहे. मागच्या अंगणात १२ बाय ८ फुटांचा लाकडी डेक आणि लांब कडेला बसायला बाक करायचा आहे. जमीन भरावाची, पावसात ओल हटत नाही. सुतार म्हणतो, पेव्हर ब्लॉकवरच बत्तम (फळ्यांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या) टाकून फळ्या मारू, दोन दिवसांत काम संपेल. चालेल का?

उत्तर: काम दोन दिवसांत संपेल आणि डेक दोन-तीन पावसाळ्यांत. फळ्यांवरचं पाणी उन्हात वाळतं. बत्तमाखाली अडकलेलं वाळत नाही, आणि वाळवीलाही वर यायला तिथूनच आयती वाट मिळते. काटकसर करायचीच तर फळ्यांत करा, खालच्या कामात नको.

आधी चेंबर कुठे आहे ते बघा. मागच्या अंगणात सांडपाण्याचं चेंबर बहुतेक असतंच. ते डेकखाली येत असेल तर तेवढा भाग वेगळ्या चौकटीत बसवून उचलता येईल असा ठेवा, नाहीतर तुंबलं की सगळा डेक उखडावा लागेल. सोसायटीच्या कानावर घाला. पुढेमागे वर छप्पर टाकायचं मनात असेल, तर ते सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत येतं. महापालिकेत विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

पेव्हर काढून दोरीने चौकोन आखा. दोन्ही कर्ण १४ फूट ५ इंच आले की चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. १२ फुटांच्या तीन ओळी, प्रत्येकीत चार, असे १२ खड्डे घ्या, १ फूट लांब, रुंद आणि खोल. भराव भुसभुशीत लागला तर मुरमापर्यंत खाली जा. १:२:४ (सिमेंट, रेती, खडी) काँक्रीटला साधारण ३ गोण्या सिमेंट, ६ ते ७ घनफूट रेती आणि १३ घनफूट खडी लागेल. खड्डे खोल गेले तर त्या मानाने जास्त. ठोकळे जमिनीवर ३ इंच येऊ द्या, त्यामुळे वाळवीने मातीची नळी चढवलीच तर ती नजरेस पडते. माथे लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) एका पातळीत आणा आणि ७ दिवस पाणी मारा. खालच्या जमिनीला घरापासून बाहेर फुटाला पाव इंच उतार द्या, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून वाळवीचं औषध मारून घ्या आणि वर २ इंच खडी पसरा. खालच्या डबक्यात डास झाले तर वर कोण बसणार?

प्रत्येक ठोकळ्यावर डांबरी फेल्टचा तुकडा, त्यावर ३×४ इंची, १२ फुटी तीन तुळया. त्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) अँगल आणि अँकर बोल्टने ठोकळ्यांना पकडा. तुळयांवर २×३ इंची, ८ फुटी १० बत्तम, मध्य ते मध्य १६ इंचांवर. या लाकडाला साल चालतो. फळ्यांना नको, वाळताना तो पिळतो. फळ्यांना साग, तोही गाभ्याचा. सालीलगतचा पांढरट भाग स्वस्त मिळतो, पण वाळवी आधी तोच खाते.

प्रत्येक बत्तमाच्या माथ्यावर वॉटरप्रूफिंगची चिकट डांबरी टेप लावा. फळीतून गेलेल्या स्क्रूच्या भोकात पाणी उतरतं आणि बत्तम तिथूनच कुजायला लागतं. वरून काहीच दिसत नाही. बहुतेक सुतार ही टेप टाळतात.

फळ्या मारण्याआधी बाकाचे पाय. १, ४, ७ आणि १० नंबरच्या बत्तमांना कडेच्या बाजूला पुढचा-मागचा असे दोन पाय, प्रत्येकाला १० मिमीचे दोन बोल्ट. नुसत्या फळीवर स्क्रूने उभा केलेला बाक महिनाभरात हलायला लागतो. बैठक डेकपासून १७-१८ इंच उंच ठेवा. तिला ४ इंच रुंदीच्या चार फळ्या, पण दीड इंच जाड. पायांमध्ये ४ फूट अंतर आहे, १ इंची फळी माणूस बसला की लवेल.

डेकला ४ इंच रुंद, १ इंच जाड, १२ फुटी २३ फळ्या बसतात. ६ मिमी प्लायचा तुकडा फटीत धरून पुढची फळी मारत जा. वाया जाणारं धरून ३०५ रनिंग फूट घ्या. स्क्रू प्रत्येक बत्तमावर दोन, म्हणजे ४६०. ५००चा खोका आणा. ५ मिमी जाड, ६० मिमी लांब, स्टेनलेस ३०४, आणि आधी ३.५ मिमीचं भोक. जिप्समचे काळे स्क्रू नकोत. खाडीच्या हवेत ते गंजतात, सागावर काळे ओघळ येतात आणि नंतर काढताना डोकी तुटतात.

प्रश्न: ठाण्यात घोडबंदर रोडला तळमजल्यावर आमची बाग आहे. मे महिन्यात डेक केला, फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या. जुलैत मधोमध उचलला गेला. स्क्रू कमी पडले का?

उत्तर: स्क्रू नाही, फट कमी पडली. वाळलेली ४ इंची फळी पावसाळ्यात दोन-तीन मिमी फुगते. वीसेक फळ्या धरल्या तर दोन इंच होतात, आणि ते जायला जागाच नसते. आता जास्त स्क्रू मारलेत तर फळ्या चिरतील. अगदीच अडत असेल तर मधली एक फळी काढून ताण मोकळा करा. बाकीचं काम दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर. सगळ्या फळ्या सोडवून ६ मिमी फटीने पुन्हा बसवा. एक फळी उरेल आणि शेवटची थोडी चिरून घ्यावी लागेल. भोकं नवीन, जुन्यांपासून इंचभर सरकवून.

प्रश्न: डेकला जवसाचं तेल लावलं तर पावसात काळी बुरशी आली. पॉलिश मारू का?

उत्तर: नको. पॉलिशचा पापुद्रा उन्हात तडकतो, पाणी आत शिरतं आणि मग सगळं खरवडत बसावं लागतं. कच्चं जवस तेल बुरशीला आवडतं. नायलॉनच्या ब्रशने साबणपाण्यात घासा, दोन-तीन कोरडे दिवस वाळू द्या आणि बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं डेक ऑइल पातळ लावा. ऑक्टोबरात एकदा, मेमध्ये एकदा. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोन हात जास्त, पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका, ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवून मगच टाका.