आज्जी 'बंडखोर' म्हणाली म्हणजे रागावली का?

सई बाळा,

काल गाडीत तू विचारलंस, "बाबा, आज्जी मला बंडखोर म्हणाली. चिडली का? इथं तर लोक 'रेबेल' टी-शर्टावर मिरवतात." तेवढ्यात सिग्नल सुटला आणि उत्तर राहिलं.

आधी शब्दाचं शेपूट बघ. 'खोर' फारसीतून आलं, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, चुगलीखोर, भांडखोर... या पंगतीत भला माणूस सापडणं मुश्कील. मला तर वाटतं, हे नाव बंड करणाऱ्यानं स्वतः घेतलेलंच नाही. ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्यानं ते ठेवलं. 1857 ला साहेब 'शिपायांचं बंड' म्हणाला, आपण 'स्वातंत्र्यसमर' म्हणतो.

आपल्या लातूरकडं तर हे घरातच घडलंय. 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्याच राज्यात राहिला, थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. म्हणून तिकडं त्या दिवशीही झेंडावंदन असतं. ते तेरा महिने आज्जीचे वडील बार्शीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या एका कॅम्पात होते. निजामाच्या पोलिसांच्या लेखी बंडखोर. पुढं त्यांनाच स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन सुरू झाली.

'विद्रोही'ची गोष्ट उलटी. हा शब्द लोकांनी आपणहून अंगावर घेतला. बाबासाहेबांच्या संस्थेनं 1950 ला औरंगाबादेत कॉलेज काढलं. घरात पहिल्यांदाच पाटी-पुस्तक आलेली कितीतरी पोरं तिथं शिकली. त्यांच्यातले काही लिहू लागले, तेव्हा त्यांच्या लेखणीत हा विद्रोह उतरला.

(निवडणुकीतले बंडखोर वेगळेच. तिकीट कापलं की अपक्ष अर्ज भरायचा, माघारीच्या दिवशी कुणीतरी समजूत काढायची, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'बंडोबा झाले थंडोबा'. त्यांना मी यात धरत नाही.)

आता आज्जी. ती शेंगा फोडत बसली होती आणि तू स्वतःच कात्रीनं कापलेले केस घेऊन स्क्रीनवर आलीस. तिचा हात थांबला, टरफल बोटातच राहिलं. चिडली असती तर 'वांड' म्हणाली असती. मला ते लई वेळा ऐकायला मिळालंय, चिंचेच्या फोकासकट. बंडखोर हा शब्द मी तिच्या तोंडून एरवी फक्त तिच्या वडिलांबद्दल ऐकलाय.

तू गेल्यावर मला मात्र म्हणाली, "मागून वाकडे कापलेत रे. नीट करून दे तिला."

तुझा,
बाबा