संचारबंदी की संपर्कबंदी?

एका अनुवादक वाचकबाईंनी विचारलं आहे: काश्मीरवरच्या हिंदी लेखात ‘संचार पर पाबंदी’ असं आलंय. मराठीत ‘संचारबंदी’ लिहू, की ‘ब्लॅकआउट’ तसंच ठेवू?

संचारबंदी नको, अर्थच बदलेल. मराठीत संचार म्हणजे हिंडणं-फिरणं. बिबट्याचा मुक्त संचार असतो, देवीचा अंगात संचार होतो. त्यातला ‘चर्’ धातू आपल्याकडे अजून चालता-फिरता आहे, म्हणून संचारबंदी म्हणजे कर्फ्यू. हिंदीत तोच शब्द निरोपांच्या देवाणघेवाणीकडे गेला. ‘दूरसंचार’ आपण तिथूनच उचलला, पण सुटा ‘संचार’ त्या अर्थाने मराठीत रुळला नाही. ‘ब्लॅकआउट’ म्हटलं की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ७१ चं युद्ध आणि खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आठवतात, म्हणजे दिव्यांचा अंधार. फोनचा नव्हे.

घोळ होतो कारण ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे हे सगळं एकदमच आलं. ५ तारखेला ३७० व्या कलमाखालचा विशेष दर्जा काढण्यात आला. त्याच्या आदल्या रात्रीच कलम १४४ लागू झालं होतं. ती कागदावर जमावबंदी, पण श्रीनगरच्या रस्त्यांवर तारेची वेटोळी आणि नाके, म्हणजे प्रत्यक्षात संचारबंदी. शिवाय मोबाइल, इंटरनेट आणि लँडलाइनही बंद. या तिसऱ्या गोष्टीला मी ‘संपर्कबंदी’ म्हणेन. शब्द ऐकताक्षणी कळतो, आणि जमावबंदी, नाकाबंदीच्या पंक्तीत सहज बसतो. ‘टाळेबंदी’ मूळची गिरणीच्या फाटकावरची. करोनाने तिला घरोघर नेलं, तरी ती फोनपर्यंत पोचत नाही.

मला खरी काळजी नामाची नाही, क्रियापदाची आहे. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीला महापूर होता. शिरोळकडच्या गावांचा ‘संपर्क तुटला’ असं आपण म्हणत होतो आणि ते बरोबर होतं. पाणी चढलं, रस्ते बुडाले. पण काश्मीरचाही ‘संपर्क तुटला’ असं लिहिलं की आदेश काढणारा वाक्यातून नाहीसा होतो. तुटणं आपोआप होतं, तोडणं कुणीतरी करतं. ते योग्य की अयोग्य, यावर तुमचं-माझं मत काहीही असो. सरकारने सुरक्षेचं कारण दिलं, ते कारणही लिहावं, पण वाक्याला कर्ता हवा. ‘तुटला’ वाचून वाचक पुराचं पाणी ओसरण्याची वाट बघतो, ‘तोडला’ वाचून तो विचारतो: कुणी, कोणत्या कायद्याने, किती दिवस? सर्वोच्च न्यायालयानेही १० जानेवारी २०२० ला पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर हेच सांगितलं: असे आदेश प्रसिद्ध करा, आणि इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही.

‘सेवा पूर्ववत’ हाही शब्द जपून वापरा. पोस्टपेड मोबाइलवर बोलणं १४ ऑक्टोबरला सुरू झालं, टूजी जानेवारीत आलं तेही ठरावीक संकेतस्थळांपुरतं, आणि फोरजी सगळीकडे यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडावं लागलं. मधल्या काळात सरकारी कचेरीतल्या एका फोनसमोर लोक रांगेत उभे राहिले, बाहेरगावी शिकणाऱ्या लेकराला ‘आम्ही ठीक आहोत’ एवढंच सांगायला. हे सगळं सांगताना तारीख आणि कोणती सेवा, दोन्ही लिहा.

आणखी एक जागा आहे. १२० दिवस वापर नसला की व्हॉट्सॲप खातं बंद करतं. त्यामुळे डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला कित्येक काश्मिरींची नावं एकामागून एक गटांतून गेली. पडद्यावर फक्त ‘लेफ्ट’. बाहेरच्या नातलगांना वाटलं, ही माणसं उठून गेली. तुमच्या लेखात हा प्रसंग आला, तर ‘गट सोडला’ असं लिहू नका. ‘गटातून नावं गेली’ असं लिहा.