माळ्यावर टाकलेली चित्रे

भांडुपहून एका वडिलांनी लिहिले आहे की, मुलीला बारावी विज्ञान शाखेत ७२ टक्के मिळाले, पण ती आजीच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रे फिल्मवर सुईने ओरखडे काढते, प्लायवूडवर डांबर फासते आणि ट्यूबलाइट बंद करून त्याकडे पाहत बसते. तिला चित्रकलेची पदवी घ्यायची आहे. ‘हे खूळ उतरेल आणि चार पैसेही मिळतील असा कोर्स सुचवा, अ‍ॅनिमेशन चालेल का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

आपले पत्र मी दोनदा वाचले. टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. वाटली ती आपण जाता जाता लिहिलेल्या एका ओळीची, ‘परीक्षेच्या काळात तिचे सगळे सामान बांधून माळ्यावर टाकले.’ दोन पानांच्या पत्रात शेजारच्या मुलाचे पॅकेज आहे, घराचा हप्ता आहे, नातेवाईक काय म्हणतील हेही आहे; त्या फिल्ममधून उजेड आल्यावर काय दिसते, याबद्दल मात्र एक शब्द नाही. आपण ते पाहिलेलेच नसावे, आणि न पाहिलेल्या गोष्टीला खूळ म्हणण्याचा अधिकार बापालाही नसतो. हप्त्याची चिंता खरी आहे, पण ती मुलीला समोर बसवून सांगावी. त्या चिंतेचा राग चित्रांवर निघू नये.

‘अशा चित्रांना शिकायचे काय, रेघोट्या कोणीही ओढेल,’ हे आपले वाक्य बरेच पालक उच्चारतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली आणि सुरुवातीला आकृतीच रंगवल्या. पुढे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत त्यांनी अशी चित्रे केली की, उजेड थरांच्या आतून झिरपल्यासारखा वाटतो; २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. हात आधी तयार होता, म्हणून आकृती सोडता आली.

आता थोडे मुलीसाठी. डांबर कधीच पुरते वाळत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक चित्रकारांनी त्याच जातीचा तपकिरी रंग वापरला आणि त्यांची चित्रे भेगाळली, काळवंडली. साहित्याचा स्वभाव ओळखायला तिला बारावीचे रसायनशास्त्र उपयोगी पडेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचे, म्हणजे जुन्या कलाकृती दुरुस्त करून जपण्याचे केंद्र आहे. तिथे नेमके काय काम चालते, याची तिने चौकशी करावी, कारण पहिली काही वर्षे केवळ चित्रे विकून घर चालणार नाही, हे मी तिच्यापासून लपवणार नाही.

प्रवेश परीक्षेसाठी वस्तुचित्र आणि स्मरणचित्राचा सराव लागेल, जे. जे. आता अभिमत विद्यापीठ आहे, तेव्हा तिथली प्रक्रिया त्यांच्याच सूचनांवरून पाहावी. अ‍ॅनिमेशन ही काही पळवाट नाही; ते वेगळ्या ओढीचे, कष्टाचे काम आहे.

या रविवारी ते गाठोडे माळ्यावरून खाली काढा, एकेक फिल्म खिडकीच्या काचेला लावा आणि ट्यूबलाइट का बंद करावी लागते, एवढेच तिला विचारा. कोर्सविषयीचे पुढचे पत्र तिने स्वतः लिहावे. मी तिलाच उत्तर देईन.