कडुनिंब मारलं तरी कीड का जात नाही? नाशिकच्या बागप्रेमींचे प्रश्न

गंगापूर रोडवरून एक ताई विचारतात : गुलाबावर मावा (कोवळ्या शेंड्याचा रस शोषणारी बारीक कीड) आलाय, निंबोळी तेल पाण्यात टाकलं तर नुसतं वर तरंगतं, दोनदा सकाळी मारलं तरी काहीच फरक नाही. तेल नकली असेल का?

ताई, तेलाला लगेच दोष देऊ नका. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, त्याला साबण लागतो. आधी 5 मिली तेलात 1-2 मिली लिक्विड साबण घालून चांगलं घोटा, मग त्यात थोडं थोडं कोमट पाणी ओतत हलवत रहा आणि एक लिटर करा, दुधासारखं पांढरट झालं म्हणजे जमलं. बनवलं की त्याच दिवशी वापरून टाका, उरलेलं ठेवू नका. आणि सकाळी मारताय तिथेच निम्मं वाया जातंय, कारण कडुनिंबातलं मुख्य द्रव्य, अॅझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतं, शिवाय तेलकट पानावर कडक ऊन पडलं की पान करपतं ते वेगळंच. म्हणून ऊन उतरल्यावर संध्याकाळी मारा, तोपर्यंत मधमाश्याही घरी गेलेल्या असतात. मावा कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठाला आणि पानाखाली बसतो, तिथेच फवारा पोचला पाहिजे, वरून शिडकावा करून काही होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कडुनिंब हे झुरळाच्या स्प्रेसारखं जागच्या जागी मारणारं औषध नाहीये. त्याने किडीचं खाणं कमी होतं, पिल्लांना नीट कात टाकता येत नाही, म्हणजे पुढची पिढी थांबते, पण आज मारलं आणि उद्या सकाळी मावा तिथेच दिसला तर ते फेल गेलं असं नसतं. 6-7 दिवसांच्या अंतराने तीनदा तरी मारा. मावा जास्त असेल तर फवारणीच्या आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, अर्धं काम तिथेच होतं. आणि लाल ठिपकेवाले लेडीबर्ड भुंगे दिसले तर त्या झाडाला काहीच मारू नका प्लीज, ते आणि त्यांच्या अळ्या मावा खाऊन टाकतात.

विकतचं तेल नको असेल तर जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर काढून बिया सावलीत वाळवा. 50 ग्रॅम जाडसर भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालायचा. माझ्या मते घरच्या बागेसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही.

सिडको : मिरचीची पानं वळली आहेत. शेजारचे काका तंबाखूचं पाणी मारा म्हणतात. मारू का?

नको, अजिबात नको. तंबाखूतलं निकोटिन हे जहाल विष आहे, कातडीतूनही अंगात जातं, आणि ती मिरची तुम्ही चार दिवसांनी ठेच्यात घालणार. दुसरं म्हणजे तंबाखूतून मोझॅक व्हायरस मिरची-टोमॅटोवर येऊ शकतो, म्हणजे एक रोग घालवायला दुसरा आणायचा. आधी पान बघा, कडा वर वळल्या असतील तर बहुतेक फुलकिडे (पानाचा रस शोषणारे अगदी बारीक किडे), खाली वळल्या असतील तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड), दोन्हीवर निंबोळी अर्क पानाखालून मारा. पण पानं बारीक होऊन, गुच्छ होऊन झाड खुजं राहिलं असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस असतो आणि त्याला कुठलाच अर्क चालत नाही. ते झाड उपटा, म्हणजे बाकीची वाचतील.

पंचवटी : जास्वंदीवर कापसासारखं पांढरं आणि सोबत मुंग्या. काय करू?

हा पिठ्या ढेकूण, आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांचाही जुना वैरी. अंगावर मेणाचा थर असतो म्हणून नुसता फवारा घसरून जातो. जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात बुडवून बुडवून घासून काढा, फांद्यांच्या बेचक्यात लपलेलेही, मग तेल मारा. फार भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात त्यांना सांभाळतात, त्यामुळे मुंग्यांची ये-जा बंद केल्याशिवाय ढेकूण पुन्हा पुन्हा येणार.

नाशिकरोड : चारी बाजूंनी झेंडू लावला तरी टोमॅटोवर किडे आहेत, असं कसं?

झेंडूचं खरं काम मातीत चालतं, मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे झाडांच्या मुळांना लागणारे दोऱ्यासारखे बारीक कृमी, कमी होतात. उडणारे सगळे किडे त्याच्या वासाने पळतात असं नाही. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग मात्र टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो, म्हणून शेतकरी सापळा पीक म्हणून लावतात, पण मग झेंडूच्या कळ्या रोज तपासून अळ्या वेचाव्या लागतात.

मखमलाबाद : गावाहून दशपर्णी अर्क आणलाय, पालकावर चालेल?

त्यात काय काय पाला घातलाय ते आधी विचारा. कण्हेर, रुई, एरंड असं बरंच विषारी त्यात पडतं, शिवाय शेण-गोमूत्र असतं. फुलझाडांवर पातळ करून खुशाल मारा, पालक-कोथिंबिरीवर मी तरी मारणार नाही.

इंदिरानगर : कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, पानं संपवतायत.

ती फुलपाखराची अळी आहे, मोठी झाली की हिरवी होते. फवारायची गरजच नाही आणि कडुनिंबाने कढीपत्ता कडू होतो तो वेगळाच. हाताने वेचा, झाड मोठं असेल तर दोन-तीन राहू द्या. लिंबाचं एखादं रोप असेल तर त्यावर हलवा, तेही ती खाते.