त्या घराला आरोपी करू नकोस

प्रिय,

गोळ्या डॉक्टर लिहून देतात, मग स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि संशय होणाऱ्या या मनाच्या आजारात, समुपदेशक म्हणून नुसतं बोलून मी काय साधणार, असं तू विचारलंस. बोलणं गोळ्यांची जागा घेत नाही, हे आधी मनात पक्कं कर. गोळ्यांनी बऱ्याच जणांचे भास-संशय उतरतात. पण सावरत आलेला मुलगा ज्या घरात परततो, त्या घराचं काय करायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. तुझं काम तिथलं.

1950च्या दशकात लंडनला समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा माग घेतला. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडले. पुढच्या अभ्यासांत त्यामागचं घरातलं वातावरण दिसू लागलं: सततची टीका, तिरस्कार आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. 1980च्या दशकात चंदीगडला हेच तपासलं, तेव्हा अशी तापलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली.

इथंच नवशिके घसरतात. हे वाचून आलेला विद्यार्थी पहिल्या भेटीत आईकडे असा बघतो, जणू गुन्हेगार सापडला. 1948 मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी आईच्या वागण्यातून हा आजार उद्भवतो अशा अर्थाची कल्पना मांडली होती. ती टिकली नाही, पण तोवर कितीतरी आयांनी तो दोष वाहिला. घरातल्या ताणाने आजार उलटू शकतो. आजार होतो तो घरच्यांमुळे नाही. हे तू आईला पहिल्याच भेटीत, तिने न विचारता, सांग. ती आपणहून विचारणार नाही.

तुझ्या पत्रातलं दिंडोरीकडचं द्राक्षबागायतदाराचं घर घे. वडील भासांबद्दल फारसं बोलत नाहीत. तक्रार काय, तर दिवसभर लोळतो, अंघोळ करत नाही, बागेत पाऊल टाकत नाही. बहुतेक घरांत हेच ऐकशील. कानात आवाज येतात म्हटलं की लोकांना आजार पटतो; नुसतं पडून राहणं मात्र माज वाटतो. म्हणून "काका, तो आळशी नाही, त्याची उभारीच आजाराने खाल्लीय" हे एकदा सांगून भागत नाही, दर भेटीला सांगावं लागतं. मग आईवडील दोघांना तुझ्यासमोर वाक्यं बोलायला लाव. "तुझ्याच्याने काही होणार नाही" याऐवजी "संध्याकाळी गोठ्यात पाणी भरशील का?" एका वेळी एकच काम, आवाज न चढवता. त्याने ते केलं की "बरं झालं केलंस" एवढं म्हणायचं. वडिलांना हे शेवटचं वाक्य सगळ्यात जड जाईल. हसतील, लाजतील, हसू दे.

एक गोष्ट मात्र आडवळणाने सांगू नकोस. फवारणीचं काम त्याला द्यायचं नाही आणि बागेची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि द्राक्षबागायतदाराच्या घरात विष हाताशी असतं.

आता त्या मुलाशी बोलणं. "शेजारी माझे विचार चोरतात" असं तो म्हणाला तर वाद घालू नकोस, होकारही देऊ नकोस. "हे पहिल्यांदा कधी जाणवलं? आणखी काय कारण असू शकेल?" असं कुतूहलाने विचार. संशयावर असं बोलून उपचार करायची वाट मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1952 मध्येच एका रुग्णाच्या निमित्ताने लिहून ठेवली होती. फायदा होतो, पण माफक. घरच्यांना चमत्काराचं आश्वासन देऊ नकोस. ब्रिटनच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांत सीबीटीची, म्हणजे विचार-वागणुकीवर बोलून करायच्या अशा उपचाराची, किमान 16 आणि कुटुंबासोबतची किमान 10 सत्रं सांगितली आहेत. एसटीने येणारं, एक दिवसाची मजुरी बुडवणारं घर इतक्यांदा येणार नाही. मग फोनवर बोल, आशाताईला सोबत घे. साताऱ्यासह तीन ठिकाणी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णांच्या घरी गेले, त्या भारतीय अभ्यासाचे निष्कर्ष 2014 मध्येच प्रसिद्ध झाले. उपयोग मर्यादित होता, पण झाला. मोठ्या पदवीवाचूनही बरंच होतं, हे आमच्या पिढीला जरा उशिरा पटलं.

त्र्यंबकेश्वरचा विषय निघेलच. नारायण नागबळी करायची म्हणतील. करू दे. "पूजेच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही" एवढं कबूल करून घे. तुझा विरोध दिसला की पूजा होईल आणि ओपीडी सुटेल. पण कुणी देवऋषी मारहाण करत असेल किंवा मुलाला बांधून ठेवलं असेल तर गोड बोलत बसू नकोस. साखळीने बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. "लग्न करून दिलं की ताळ्यावर येईल" यालाही नाहीच म्हण. लग्न हा उपचार नाही, आणि लपवून केलेल्या लग्नात दोन घरं होरपळतात.

आजार उलटायच्या आधी काय काय होतं, ते त्या मुलाकडून आणि आईकडून मिळून लिहून घे: झोप कमी होते, दार लावून बसतो, जेवणावर संशय घेतो. प्रत्येकाची खूण वेगळी. तो कागद कॅलेंडरजवळ लावायचा, खाली डॉक्टरांचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. आईलाही झोप लागते का, विचार. हा नंबर तिच्यासाठीही आहे, हे बहुतेकींना माहीत नसतं.

आणि हे सगळं ऑक्टोबरच्या छाटणीआधी उरक. एकदा बागेत कात्री चालू झाली की त्या घरातलं कुणी फोनही उचलणार नाही, आणि नेमकी त्याच दिवसांत घरात सगळ्यात जास्त चिडचिड असते.

तुझी,
ताई