बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते, तर मग गाडी पुढे जाते कशी?

तुमच्यासारखाच मीही नववीत इथेच अडकलो होतो. रावेर तालुक्यातली शाळा, 'गतीचे नियम' हा धडा चालू, आणि खिडकीतून केळीच्या गाड्या जाताना दिसायच्या. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या नि उलट असतील तर बेरीज शून्य, मग ती समोरची गाडी चालतेय कशी, असं मी विचारलं. सर म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही, बस खाली." आता मी स्वतः अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. जे विचारत नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते.

बेरीज करायची ती एकाच वस्तूवर लागणाऱ्या बलांची. बैलाचं बल गाडीवर लागतं, गाडीचं बल बैलावर. माझ्या खात्यातून 500 रुपये गेले आणि तुमच्या खात्यात 500 आले, तर दोघांच्या पासबुकात काहीच झालं नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणून प्रत्येक बल लिहिताना शेजारी 'कोणाचं, कोणावर' एवढं लिहायची सवय लावा. निम्मी गणितं तिथेच सुटतात.

मग बैलाला पुढे कोण ढकलतं? जमीन. बैल खुराने जमीन मागे रेटतो, जमीन त्याला पुढे रेटते. मला हे वर्गात नाही, चिखलात कळलं. पावसाळ्यात शेतातून केळी भरून निघालो आणि काळ्या मातीत गाडी रुतली. मी आणि चुलत भाऊ चाकाच्या आऱ्यांना खांदा लावून जोर करतोय, बैल जीव तोडून ओढतायत, पण त्यांचे पायच मागे सरकत होते. वडिलांनी बांधावरचा मुरूम पाटीत भरून आणायला लावला. मी तो चाकाखाली ओतायला गेलो तर ओरडले, "चाकाखाली नको, बैलायच्या पायाखाली टाक!" दोन पाट्या पडल्या आणि गाडी निघाली. बैलांची ताकद तीच, गाडीचं वजन तेच. बदलली ती फक्त जमिनीची बैलांना पुढे ढकलायची ऐपत. घर्षण म्हटलं की मुलं 'अडवणारं बल' एवढंच पाठ करतात. आसाला वंगण लावतो ते घर्षण नको म्हणून, आणि बैलाच्या पायाखाली मुरूम टाकतो ते घर्षण हवं म्हणून! रेल्वेच्या इंजिनाला रुळावर वाळू सोडायची सोय असते, तीही याचसाठी.

आता आकडे, हिशोबापुरते. बैलजोडी 800 किलो, भरलेली गाडी 1000 किलो. जमीन बैलांना 1000 न्यूटनने पुढे ढकलतेय, आणि वाट गाडीला 640 न्यूटनने मागे धरतेय. बैल नि गाडी मिळून 1800 किलो, उरलेलं बल 360 न्यूटन. 360 ला 1800 ने भागलं की त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर: 0.2 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता नुसती गाडी बघा. 1000 किलोला 0.2 चं त्वरण हवं तर 200 न्यूटन उरले पाहिजेत, म्हणून जू गाडीला 840 ने ओढतंय. नुसते बैल बघा: पुढे 1000, मागे जुवाचे 840, उरले 160. 800 किलोने भागा, पुन्हा 0.2. जुवापाशी दोन्हीकडे 840 च आहे, गाडी वेग घेत असतानासुद्धा. "बैलाचं बल गाडीच्या बलापेक्षा जास्त म्हणून गाडी चालते" हे उत्तर मला पेपरात दरवेळी सापडतं आणि ते चूक आहे. तुलना करायची ती 840 आणि 640 ची, कारण ती दोन्ही गाडीवर आहेत. पुढे गाडी एकसारख्या वेगाने चालू लागली की जुवाचं बलही 640 वर येतं आणि जमिनीचंही. तो न्यूटनचा पहिला नियम: बलांची बेरीज शून्य असेल तर वेग बदलत नाही.

(बैल खरं तर ओढत नाही, वशिंडाने जू पुढे रेटतो. जू त्याला तेवढंच मागे रेटतं याचा पुरावा हवा असेल तर सुगीनंतर बैलाचा खांदा बघा. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदमळणी करतात ती उगाच नाही.)

'प्रतिक्रिया' या शब्दानेही घोळ होतो. आपल्याकडे आधी घटना घडते, मग प्रतिक्रिया उमटते. इथे आधी-नंतर काही नाही. दोन्ही बलं एकाच क्षणी असतात, आणि कुठल्याला क्रिया म्हणायचं ते तुमच्या मर्जीवर. न्यूटनने 1687 च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हा क्रिया-प्रतिक्रियेचा, म्हणजे तिसरा नियम समजावताना दोरीने दगड ओढणारा घोडाच घेतला होता, आणि घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे तुमचा प्रश्न जुन्या वळणाचाच आहे.

दुसरी एक चूक आत्ताच सांगून ठेवतो, कारण याच्या पुढच्याच आठवड्यात तुम्ही ती करणार. 20 किलोचा घड काट्यावर ठेवलाय. घडाचं वजन खाली, काट्याचा आधार वर, दोन्ही सारखे. लगेच 'क्रिया-प्रतिक्रिया' लिहू नका, कारण दोन्ही बलं घडावरच आहेत. काट्याच्या आधाराची जोडी म्हणजे घडाने काट्यावर दिलेला दाब. आणि पृथ्वी घडाला 196 न्यूटनने (20 किलो गुणिले गुरुत्व त्वरण 9.8) खाली ओढते त्याची जोडी? घड पृथ्वीला 196 न्यूटनने वर ओढतोय.