दवाखाना फुकट आहे, तरी धंद्यातल्या बायका तपासणीला का येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय, कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात देहविक्रीच्या धंद्यातल्या बायकांची एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी करायला संस्थेनं दवाखाना काढला, पण महिनाभर कुणी फिरकलं नाही. याच पट्ट्यात मी सात वर्षं फिल्डवर होते, म्हणून सांगते.

दवाखाना उघडता किती वाजता? आम्ही सकाळी दहाला उघडायचो. त्या वेळी कुणी पाणी भरत असते, कुणी विड्या वळत असते. आम्हाला वाटायचं, यांना जिवाची काळजी नाही. शेवटी एका मावशीनं ऐकवलं, "दुपारी दोनला ये की, तेव्हा आम्ही रिकाम्या असतो." दोनला जायला लागलो, तेही तिच्याच सोप्यात, आणि बायका यायला लागल्या. मंगळवार-शुक्रवार मात्र सोडा. ते यल्लम्माचे वार, आणि आपल्याकडच्या कितीतरी जणी देवीच्या नावानं सोडलेल्या, म्हणजे देवदासी आहेत. कर्नाटकात असं सोडण्यावर १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, पण आधी सोडलेल्या बायका गावातच आहेत.

दारावर 'एड्स' लिहिलेला बोर्ड असेल तर आजच काढा. इथं मुंबईसारखी गल्ली नाही, धंदा राहत्या घरातून किंवा फोनवर चालतो. बोर्डाखाली उभी दिसली की सासरी-माहेरी कळलंच.

साधारण साठ जणींमागे एक पीअर असते, म्हणजे त्यांच्यातलीच एक, जी बाकीच्यांना माहिती देते आणि तपासणीला आणते. ती शिकलेली नसली तरी चालेल, पण तिला प्रत्येक उंबरा ओलांडता आला पाहिजे, कानडी आणि मराठी दोन्ही बोलता आलं पाहिजे.

सगळ्यात अवघड गोष्ट मालकाची, म्हणजे तिच्या कायमच्या जोडीदाराची. गिऱ्हाइकाला निरोध लावायला बायका शिकल्यात. मालकाला म्हटलं की तो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही?" मूल नको हे कारणही चालत नाही, कारण तिचं ऑपरेशन झालेलं असतं. तिला एकटीला भाषण देऊन काही होत नाही. तिची तयारी असेल तरच मालकाशी वेगळं बोला, त्याचीही तपासणी करा. त्याच्यापुढं तिच्या रिपोर्टचा शब्द काढू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, मोजके अपवाद सोडले तर, तिच्या संमतीशिवाय तो कुणाला सांगता येत नाही.

एचआयव्ही तपासणी दर सहा महिन्यांनी आणि गुप्तरोगाची दर तीन महिन्यांनी करा, म्हणजे वेळेत कळतं. आणि हे प्रत्येकीला आधीच सांगून ठेवा: निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली, तर लगेच सरकारी दवाखान्यात जायचं. ७२ तासांच्या आत एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर तिला पाठ असू दे. तो तुमचा असला तर उत्तम.